हापसा बंद पडेल त्या दिवशी गावात कोण असेल?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका २६ वर्षांच्या असून पुण्यात हिंजवडीच्या एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीत आकडेवारीच्या विश्लेषणाचे काम करतात. परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या एका खाजगी कंपनीमार्फत त्यांना युगांडाच्या दक्षिण भागातील एका खेड्यात चार आठवडे जायचे आहे. तेथील शाळेसाठी पावसाचे पाणी साठवणारी टाकी आणि शौचालये बांधणे व मुलांना हात धुण्याचे महत्त्व समजावणे, असे कामाचे स्वरूप आहे. शुल्क २ लाख ८० हजार रुपये, विमानभाडे वेगळे, आणि त्यांपैकी ५० हजार रुपये महिनाअखेरपर्यंत आगाऊ भरायचे आहेत. आईचा याला विरोध आहे. ‘तुझ्या आजोळी पुरंदरला उन्हाळ्यात टँकर आल्याशिवाय चूल पेटत नाही, ते सोडून आफ्रिकेत कशाला?’ असे त्या म्हणतात. धाकट्या भावाच्या मते हा सारा खर्च बायोडेटातल्या एका ओळीसाठी आहे. पत्रलेखिका विचारतात, ‘दूरच्या माणसांसाठी काही करावेसे वाटणे हा आपल्या माणसांवर अन्याय आहे का? आणि आईची समजूत कशी घालावी?’

उत्तर :

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना मला कोणताही संकोच वाटत नाही. दूरच्या माणसांसाठी काही करावेसे वाटणे हा कोणावरही अन्याय नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त अहवालानुसार २०२२ साली जगातील सुमारे २२० कोटी लोकांना पिण्याच्या पाण्याची सुरक्षित सेवा मिळत नव्हती आणि सुमारे ३५० कोटी लोक सुरक्षित स्वच्छता सुविधांपासून वंचित होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी पाणी व स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचे मान्य केले, तेव्हा हा हक्क कोणत्या देशातल्या माणसाचा, असा भेद केलेला नाही. ‘आधी आपले, मग परके’ हा युक्तिवाद समंजस वाटतो खरा, पण तो करणारी बहुतेक माणसे आपल्यांसाठीही जागची हलत नाहीत, असे मी पाहत आले आहे. तुमच्या आई त्यांतल्या आहेत असे पत्रावरून वाटत नाही. त्यांच्या बोलण्यात मला विरोधापेक्षा वेगळे काही दिसते. त्याकडे मी पुढे येते.

तुम्ही न विचारलेला एक प्रश्न मात्र या दोन्हींच्या आधी येतो. हे काम त्या गावाला हवे आहे का, आणि हवे असेल तर ते तुमच्या हातूनच व्हायला हवे का? पत्रात तुम्ही एका ठिकाणी लिहिले आहे, ‘तिथे बांधायला माणसेच नाहीत, म्हणून आम्हांला बोलावतात.’ या वाक्यावर थोडे थांबू या. युगांडाच्या खेड्यांत गवंडी आहेत, वीटभट्ट्या आहेत आणि कामाच्या शोधात असलेली तरुण मुलेही आहेत. कमतरता असलीच तर त्यांना मजुरी देण्यासाठी लागणाऱ्या पैशांची आहे. ज्यांनी कधी थापी हातात धरली नाही अशा बारा-पंधरा परदेशी तरुणांनी चार आठवड्यांत रचलेली भिंत तिथल्या एका गवंड्याने आणि दोन बिगाऱ्यांनी अधिक चांगली आणि लवकर रचली असती, आणि त्या मजुरीतून तीन घरे चालली असती. हे तुमच्या श्रमांना कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. कोणती उणीव भरून काढायला आपण निघालो आहोत, हे आधी नीट ओळखले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

ही उणीव कशी ओळखावी, याचे एक उत्तर आपल्याच महाराष्ट्राच्या इतिहासात आहे आणि ते थेट युगांडापर्यंत जाते. १९६० आणि ७० च्या दशकांतील दुष्काळांमध्ये आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर बोअर घेतले गेले आणि त्यांवर ओतीव लोखंडाचे हातपंप बसवले गेले. हे पंप मुळात युरोप-अमेरिकेतील एका कुटुंबाच्या वापरासाठी आखलेल्या नमुन्यांवर बेतलेले होते. अख्खे गाव दिवसभर दांडा हापसू लागल्यावर ते तग धरेनात, आणि काही वर्षांतच बहुसंख्य पंप बंद पडलेले आढळले. त्यावर जालन्यातील एका मिशनच्या कार्यशाळेत पोलादी, भक्कम असा ‘जालना पंप’ तयार झाला, सोलापुरात त्याची सुधारित आवृत्ती निघाली आणि या अनुभवाच्या पायावर युनिसेफ व भारत सरकार यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क-२’ हा पंप विकसित केला. आपण ज्याला हापसा म्हणतो तो हाच. पुढे तो आफ्रिकेतील अनेक देशांत गेला. युगांडात त्याच्याच धर्तीवरचा पंप ‘यू-२’ या नावाने वापरात आहे. तुम्ही जाल त्या गावातील बायका कदाचित ज्या दांड्यावर जोर देऊन पाणी काढत असतील, त्याचे मूळ जालना-सोलापूरच्या दुष्काळात असेल.

येथून तिथे जे गेले त्याचे स्वरूप नीट पाहा. दुष्काळी गावांत वर्षानुवर्षे मोडून, सुधारून, तपासून पक्की झालेली एक रचना गेली. तिचे सुटे भाग एका मापाचे होते आणि ती दुरुस्त करायला गावाजवळच्या माणसाला शिकवता येत होते. तरीही पंप बंद पडतच राहिले. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत कोणत्याही दिवशी पाहिले तर साधारण तीन-चार हातपंपांमागे एक बंद असतो, असे गेल्या काही वर्षांतील अभ्यास सांगतात. कारणे साधी आहेत. वायसर झिजतो आणि तो मिळणारे दुकान फार दूर असते. पाणीपट्टी गोळा होत नाही, समितीचा खजिनदार गाव सोडून जातो, किंवा आम्लधर्मी भूजलात गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप गंजतात, पाण्याला लोखंडाची चव येते आणि लोक पुन्हा डबक्याकडे वळतात. या शेवटच्या कारणामुळे युगांडा सरकारला अशा पाइपांचा वापरच थांबवावा लागला. यांपैकी एकही अडचण बांधकामाच्या काळात येत नाही. सगळ्या अडचणी उद्घाटनानंतर, पाहुणे परतल्यावर सुरू होतात.

पाणी आणि स्वच्छता यांच्या कामात सदिच्छेने झालेली हानीही मोठी आहे, आणि ती तुम्हांला माहीत असावी असे मला मनापासून वाटते. बांगलादेशात तळ्यांच्या व नद्यांच्या दूषित पाण्यामुळे मुले अतिसाराने दगावत होती, म्हणून १९७० च्या दशकापासून आंतरराष्ट्रीय मदतीने लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. हे पाणी रोगजंतूंच्या दृष्टीने सुरक्षित होते. पण त्यात आर्सेनिक आहे का, हे कोणी तपासले नव्हते. १९९३ मध्ये ते आढळले तोवर कोट्यवधी लोक अनेक वर्षे ते पाणी पीत आले होते. आर्सेनिक असलेले पाणी नितळ असते, त्याला चव नसते, वास नसतो. प्रयोगशाळेत नमुना गेल्याशिवाय ते कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शक मानलेली मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम इतकी सूक्ष्म आहे. हैतीमध्ये ऑक्टोबर २०१० मध्ये पटकीची साथ सुरू झाली, ती संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या एका तळावरील मैला नदीच्या पाण्यात मिसळल्यामुळे. सुमारे दहा हजार माणसे मेली आणि डिसेंबर २०१६ मध्ये सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली. मदतीला गेलेल्यांच्या स्वतःच्या शौचालयाची व्यवस्था धड नव्हती, यातून हे घडले. दक्षिण आफ्रिकेत मुलांच्या खेळण्याच्या चक्राला पंप जोडण्याची कल्पना निघाली. मुले खेळतील आणि टाकी भरेल, हे चित्र इतके लोभस होते की २००६ मध्ये त्यासाठी मोठा निधी जाहीर झाला आणि २०१० पर्यंत चार हजार पंप बसवण्याचे उद्दिष्ट ठरले. प्रत्यक्षात मुले काही दिवसभर खेळत नाहीत. ते जड चक्र बायकांना हाताने ओढावे लागले, आणि काही गावांनी जुना हापसाच परत मागितला.

आता पुण्याच्या उंबरठ्यावरचे एक उदाहरण देते, कारण माझे सारे म्हणणे त्यात आहे. डॉ. सुहास विठ्ठल मापुस्कर हे १९६० मध्ये देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. गावात पोटाच्या विकारांचे आणि जंतांचे रुग्ण येत होते, आणि औषध देऊन पाठवलेला माणूस पुन्हा तोच आजार घेऊन येत होता, कारण सारे गाव उघड्यावर शौचाला जात होते. त्यांनी लोकांना समजावून काही शौचालये बांधून घेतली. ती पहिल्याच पावसाळ्यात खचली. लोकांचा विश्वास उडाला, आणि तो उडणे रास्तच होते. मात्र डॉक्टर देहूतच राहत होते. शौचालये खचली तेव्हाही ते गावात होते आणि पुढच्या वर्षीही असणार होते. त्यांनी कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी या प्रश्नावर केलेल्या कामाचा अभ्यास केला, देहूची माती आणि लोकांची सवय लक्षात घेऊन रचना बदलत नेली, पुढे मैल्यापासून बायोगॅस मिळवण्याचे प्रयोग केले आणि सुमारे दोन दशकांच्या चिकाटीनंतर देहूत घरोघरी शौचालय झाले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

पहिली शौचालये बांधून डॉ. मापुस्कर चार आठवड्यांनी निघून गेले असते, तर त्यांच्याकडे उत्तम छायाचित्रे असती आणि देहूकडे खचलेले खड्डे. ते राहिले म्हणून ते अपयश गावाच्या उपयोगी पडले. परदेशी स्वयंसेवेचा कोणताही कार्यक्रम पारखताना मी हाच एक निकष लावते : पुढच्या पावसाळ्यात जे बिघडेल ते पाहायला तिथे कोण असेल, आणि आपण ज्यांच्याबरोबर जात आहोत ते त्याला उत्तरदायी आहेत का?

हा निकष मनात ठेवून त्या कंपनीला काही गोष्टी लेखी विचारा. तुमच्यासारख्याच विचारात असलेल्या इतर वाचकांनीही हे प्रश्न जपून ठेवावेत. टाकी आणि शौचालये कोणी मागितली : शाळेने, पालकांनी, की कार्यक्रमाच्या वेळापत्रकाने? त्या भागाच्या जिल्हा जल कार्यालयाला या कामाची माहिती आहे का? टाकीचे पन्हाळे कोण साफ करणार, आणि दोन पावसाळ्यांच्या मधल्या कोरड्या महिन्यांत ती रिकामी झाल्यावर मुले कुठले पाणी पिणार? शौचालयाच्या खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीपासून किती वर आहे आणि जवळचा पाणवठा किती दूर आहे? तीस मीटर अंतर हा जगभर वापरला जाणारा ठोकताळा आहे, पण भेगाळ खडकात तोही पुरत नाही. खड्डा भरल्यावर तो उपसणार कोण, की दुसरा खणणार, आणि त्याचे पैसे कोणाकडे आहेत? वयात आलेल्या मुलींसाठी आतून कडी, पाणी आणि कपडा किंवा पॅड टाकण्याची सोय आराखड्यात आहे का? शाळेतील शौचालये बहुधा याच एका गोष्टीपायी मुलींसाठी निरुपयोगी ठरतात, आणि नकाशा काढणाऱ्यांत बाई नसेल तर ती हमखास राहून जाते.

शुल्काविषयी विचारताना भीड धरू नका. २ लाख ८० हजारांपैकी त्या गावात, तिथल्या चलनात, तिथल्या माणसांच्या हातात किती पडतात, हे विचारण्याचा तुम्हांला पूर्ण अधिकार आहे. त्याचबरोबर तीन-चार वर्षांपूर्वी पूर्ण केलेल्या एखाद्या गावातील समितीशी फोनवर बोलता येईल का, हेही विचारा. चालू कामाचे छायाचित्र कोणीही पाठवू शकते. जुने काम कसे आहे हे सांगायला मात्र नाते टिकवून ठेवावे लागते. या एका प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर बाकीची उत्तरे कितीही चांगली असोत, मी जाऊ नका असेच सांगेन.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख मला करायला हवा, कारण स्वयंसेवेविषयीची बहुतेक माहिती पाश्चात्त्य तरुणांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते आणि तिच्यात ही बाब येत नाही. युगांडात भारतीय माणूस कोरी पाटी घेऊन उतरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व आफ्रिकेतील रेल्वे बांधायला इंग्रजांनी येथून मजूर नेले. त्यांच्यामागून व्यापारी गेले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या दुकाने, कारखाने त्यांच्या हाती राहिले. १९७२ मध्ये ईदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. पुढे काही कुटुंबे परतली. आजही गावकरी तुमच्याकडे पाहतील तेव्हा त्यांना आधी आठवेल तो शहरातला भारतीय दुकानदार किंवा कारखानदार, आणि त्याच्या चांगल्या-वाईट वागणुकीचे ओझे काही अंशी तुमच्यावर येईल. शिवाय कातडीच्या रंगाविषयी आपल्या घरांत जे सहज बोलले जाते ते बरोबर घेऊन आपण तिथे जातो. जाण्याआधी या इतिहासाची दोन चांगली पुस्तके वाचणे आणि तिथल्या भाषेचे, म्हणजे मध्य-दक्षिण भागात असाल तर लुगांडाचे, बोलण्यापुरते शिक्षण घेणे, हे मी बांधकामाच्या कौशल्याहून अधिक गरजेचे मानते.

तुमच्या खऱ्या कौशल्याविषयी तुम्ही पत्रात जेमतेम एक ओळ लिहिली आहे आणि विटा रचण्याविषयी दीड पान. मला हे उलटे वाटते. कोणत्या गावात किती पंप, कोणता कधी बंद पडला, दुरुस्तीला किती दिवस लागले, कोणत्या विहिरीचा नमुना कधी अयोग्य ठरला, ही माहिती गोळा होते पण तिचा अर्थ लावायला माणूस नसतो, ही पाण्याच्या क्षेत्रातील खरी आणि जुनी उणीव आहे, युगांडात आणि महाराष्ट्रातही. तुम्ही रोज जे काम करता ते नेमके हेच आहे. पुण्यातील शेल्टर असोसिएट्स या संस्थेने वस्त्यांमधील घरांची नकाशांसह माहिती गोळा करून कोणत्या घराला शौचालय नाही आणि गटार कुठवर आहे हे निश्चित केले आणि त्या आधारे घरोघरी शौचालये उभी केली. आकडेवारी जाणणाऱ्या माणसाला पाण्याच्या कामात किती करण्यासारखे आहे, हे समजण्यासाठी एकदा त्यांचे काम जवळून पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमातही घरी बसून, दूरस्थ पद्धतीने करण्याची कामे निघतात आणि त्यांसाठी शुल्क पडत नाही.

आता तुमच्या आईंकडे येते. तुम्ही विचारले आहे की त्यांची समजूत कशी घालावी. समजूत घालण्याआधी त्या काय सुचवत आहेत ते एकदा शांतपणे ऐकावे, असे मी म्हणेन. आजोळच्या टँकरविषयी त्यांना जे माहीत आहे ते तुम्हांला माहीत आहे का? टँकर कोणत्या महिन्यात सुरू होतो, कोणत्या वाडीला शेवटी पोहोचतो, गावाची नळयोजना असेल तर ती कशामुळे कोरडी पडते, आणि शेजारच्या शिवारात ऊस उभा असताना पिण्याला पाणी का नसते? त्याच पुरंदर तालुक्यात नायगावला १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या पुण्याच्या उद्योजक अभियंत्याने पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातील माणसांवर ठरवायचा, भूमिहीनांनाही तो द्यायचा आणि उसाला पाणी द्यायचे नाही, हे त्याचे नियम होते. शहरातून गेलेला माणूस गावासाठी काय करू शकतो, याचे इतके मोठे उदाहरण तुमच्या आजोळच्या तालुक्यात आहे. कदाचित तुमच्या आईंना तुम्हांला अडवायचे नसेल. तुम्ही त्यांचे गाव पाहावे, एवढेच हवे असेल.

त्यांच्या म्हणण्याचा दुसरा भागही खरा आहे. दूषित पाणी ही दूरच्या खेड्यांची गोष्ट नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात गिलाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली तेव्हा संशय पाण्याकडेच गेला आणि तुमच्या ओळखीतल्या घरांतही त्या दिवसांत पाणी उकळून प्यायले गेले असेल.

म्हणून माझा सल्ला असा आहे की यंदाचे वर्ष तुम्ही शिकण्यासाठी द्यावे. आजोळच्या ग्रामपंचायतीत जाऊन जलसुरक्षकाला, म्हणजे गावाच्या पाण्याची शुद्धता पाहणाऱ्या माणसाला, भेटा आणि तो पाण्याचा नमुना कसा घेतो, बाटली निर्जंतुक कशी ठेवतो, पाणी शुद्ध करणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती पाण्याला किती टाकतो आणि शेवटच्या नळाला क्लोरीन उरले आहे का हे कसे तपासतो, ते पाहा. पंचायत समितीचे पथक हापसा दुरुस्तीला येईल तेव्हा दिवसभर त्यांच्याबरोबर थांबा. पाइप वर ओढताना हात लावा. भूजल समजून घ्यायचे असेल तर त्याचे प्रशिक्षण देणारी अ‍ॅक्वाडॅम ही संस्था पुण्यातच आहे आणि राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे मुख्यालयही येथेच आहे. ग्रामसभेत पाणीपट्टीच्या विषयावर भांडण होईल तेव्हा मागे बसून ते पूर्ण ऐका. आणि हेही लक्षात ठेवा की जो निकष मी युगांडासाठी सांगितला तोच पुरंदरसाठीही लागू आहे. शनिवारी जाऊन श्रमदानाचे फोटो काढायचे आणि सोमवारी विसरायचे, असे होणार असेल तर ते तिथेही नको. एक वाडी, एक काम, आणि किमान दोन उन्हाळे, असे ठरवून जा.

वर्षभरानंतरही परदेशी जाण्याची इच्छा टिकली, तर ती मला अधिक विश्वासार्ह वाटेल आणि मी तिला मनापासून पाठिंबा देईन. तेव्हा चार आठवड्यांऐवजी सहा महिने-वर्षभराची संधी शोधा. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम स्वयंसेवकाकडून शुल्क घेत नाही, उलट निर्वाहभत्ता देतो. मात्र त्यात निवड कौशल्यावर आणि अनुभवावर होते, आणि तसेच असायला हवे. युगांडासाठी पीतज्वराची लस जाण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचे प्रमाणपत्र नसेल तर तिथे प्रवेशाला अडचण येते आणि परतताना आपल्याकडे विमानतळावर विलगीकरणात जावे लागू शकते. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांशी बोला. पर्यटक व्हिसावर स्वयंसेवेचे काम चालते का, हे कंपनीच्या तोंडी आश्वासनावर न सोडता त्या देशाच्या उच्चायुक्तालयाकडून लेखी घ्या. एकट्या मुलीला राहण्याची व्यवस्था कुठे, रात्री अडचण आली तर फोन कोणाला करायचा, हे आईंना काळजी म्हणून विचारावेसे वाटणारच. त्यांना त्यांची उत्तरे तुमच्या तोंडून मिळावीत.

हे सदर वाचणाऱ्या निवृत्त अभियंत्यांना, विशेषतः ज्यांनी पाणीपुरवठ्याच्या खात्यांत उमेदीची वर्षे घालवली त्यांना, मला वेगळे सांगायचे आहे. परदेशातील ग्रामीण पाणीयोजनांना विशीतल्या उत्साहापेक्षा तुमच्या अनुभवाची गरज जास्त आहे. कमी दाबाची नळयोजना चालवणे, गळती शोधणे, वसुली बसवणे हे तुम्ही आयुष्यभर केले आहे. असे कार्यक्रम तरुणांसाठीच असतात, असे समजून मागे राहू नका. महाविद्यालयीन गटांना मात्र मी परदेशी बांधकामाच्या सहली टाळा, असेच सांगते.

भावाच्या बोलण्याचे फार मनावर घेऊ नका. बायोडेटात एक ओळ वाढली तर त्यात पाप नाही. ती ओळ ज्या गावामुळे आली त्या गावाला तुमचे नाव पाच वर्षांनी आठवेल का, एवढे मात्र स्वतःला विचारा.

महिनाअखेर जवळ आहे, म्हणून क्रम सांगते. आगाऊ रक्कम आज भरू नका. वर लिहिलेले प्रश्न कंपनीला ईमेलने पाठवा आणि लेखी उत्तरासाठी दहा दिवस द्या. ‘जागा भरत आल्या आहेत’ असे सांगून घाई केली गेली, तर तेही उत्तरच समजा. उत्तरे समाधानकारक आली, जुन्या गावातील समितीशी बोलणे झाले आणि कामाची देखभाल कोणाकडे आहे हे नावानिशी कळले, तर जा. मात्र तेव्हाही बांधकामाऐवजी त्यांच्या जुन्या कामांच्या नोंदी नीट लावून देण्याचे काम मागून घ्या. उत्तरे आली नाहीत, तर ते पैसे बँकेत राहू द्या. आणि कंपनीचे उत्तर येईपर्यंत, येत्या रविवारी, आईंना घेऊन आजोळी जाऊन या. तिथला जलसुरक्षक कोण आहे हे त्यांना बहुधा माहीत असेल.